माइक घेण्याआधी खोली ऐका : ठाणे-नवी मुंबईत रेकॉर्डिंग स्टुडिओची आखणी

नौपाड्यातल्या माझ्या खोलीत पहिल्यांदा एका शास्त्रीय गायकाचं रेकॉर्डिंग केलं, तेव्हा त्यांचा सूर होता काळी एक. मध्य सप्तकात आवाज स्वच्छ येत होता. पण ते मंद्र पंचमावर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'प'वर, स्थिरावले की हेडफोनमध्ये अख्खी खोली दुमदुमायची. तानपुऱ्याची पंचमाची तारही तशीच फुगून यायची. मी माइक बदलला, केबल बदलली, दुसऱ्या दिवशी मित्राचा महागडा माइक आणून लावला. पंचम फुगायचा तो फुगायचाच.

कारण शेवटी टेपने सापडलं. काळी एकचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा (सेकंदाला १३९ कंपनं), म्हणजे त्याचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झचा. माझी खोली ११ फूट लांब. ११ फुटांची खोली ५१ हर्ट्झला घुमते आणि त्याच्या दुपटीला, म्हणजे १०३ हर्ट्झलाही. गायकाचा पंचम आणि खोलीचा सूर बरोबर एकमेकांवर येऊन बसले होते, आणि मी गायकाला बसवलं होतं खोलीच्या मधोमध, जिथे हा घुमारा सगळ्यात जोरात उठतो. त्यांना भिंतीपासून पावणेतीन फुटांवर सरकवलं आणि त्याच जुन्या माइकने काम झालं.

म्हणून इथे यंत्रांची खरेदी सगळ्यात शेवटी येईल. त्याआधीच्या पायऱ्यांना लागतं ते एवढंच : एक वही, मोजायची टेप, मोबाईल आणि साधारण महिनाभराचा वेळ.

पायरी १ : एका वेळी किती जण वाजवणार?

स्टुडिओ टाकायचाय म्हणून कुणी भेटायला आलं की मी हाच प्रश्न आधी विचारतो. बहुतेकांकडे माइकची यादी तयार असते, या प्रश्नाचं उत्तर नसतं. खोलीचा आकार, इंटरफेसवरची (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या यंत्रावरची) चॅनेल, हेडफोनची संख्या, एसीचा टनेज, सगळं याच आकड्यावर ठरतं.

वहीत तीन मथळे करा : आत्ता करायचं, वर्षभरात करायचं, इथे कधीच करायचं नाही. व्हॉइसओव्हर, ऑडिओबुक, पॉडकास्ट यांना एक माणूस, एक माइक आणि खोलीचा एक शांत कोपरा पुरतो. तयार ट्रॅकवर गाणाऱ्या गायकालाही फार वेगळं काही लागत नाही. पण मैफलीसारखं, सगळ्यांनी एकत्र बसून करायचं असेल तर मोजा : गायकाला एक माइक, पेटीला एक, तबला आणि डग्ग्याला मिळून दोन, तानपुऱ्याला एक, टाळ असेल तर आणखी एक. सहा झाले. म्हणजे आठ इनपुटचा इंटरफेस हवा. दोन इनपुटचा स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, तर सहा महिन्यांत तो विकावा लागेल.

तिसरा मथळा सगळ्यात महत्त्वाचा. दहा-बारा जणांचं भजनी मंडळ, मृदंग आणि टाळांसह, दहा बाय अकराच्या खोलीत नीट रेकॉर्ड होत नाही. टाळांचा आवाज इतका टोकदार असतो की तो प्रत्येक माइकमध्ये शिरतो आणि मग गाणाऱ्यांचा आवाज वेगळा काढता येत नाही. अशा कामासाठी मोठा हॉल किंवा मोठा स्टुडिओ एक दिवस भाड्याने घ्या आणि मिक्सिंग घरी करा. ढोल-ताशा पथक तर मोकळ्या मैदानातच रेकॉर्ड करावं. कशाला नाही म्हणायचं हे आधी ठरलं की खर्च निम्म्यावर येतो.

पायरी २ : जागा निवडताना

हातात एकच खोली असेल तर ही पायरी वाचून पुढे जा. निवड करता येत असेल तर मात्र इथे रेंगाळा.

ठाण्यात नौपाडा, चरई, पाचपाखाडीकडच्या जुन्या इमारतींच्या भिंती जाड विटांच्या असतात आणि आवाज बऱ्यापैकी अडवतात. त्यांचा त्रास असतो तो ओल आणि जुन्या वायरिंगचा. घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरांत दोन प्रकार दिसतात. काही ठिकाणी हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात. बोटाने टकटक केलं तर पोकळ वाजतात आणि शेजारचा टीव्ही ऐकू येतो. काही ठिकाणी मायवान पद्धतीने ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात. त्या बोलण्या-गाण्याचा आवाज चांगला अडवतात, पण तीन मजले वर कुणी ड्रिल चालवलं तरी तो आवाज सांगाड्यातून थेट तुमच्या खोलीत उतरतो. शिवाय या भिंती इमारतीचा भार पेलत असल्यामुळे त्यांत झिरी पाडून वायर टाकता येत नाहीत. वायरिंग वरूनच न्यावं लागतं.

नवी मुंबईत वाशी, नेरूळ, ऐरोलीकडे सिडकोची रो-हाउस आहेत. तळमजल्याची खोली मिळाली तर उत्तम : खाली शेजारी नाही, आणि जमिनीवर वजन कितीही टाका. रबाळे, महापे, तुर्भे एमआयडीसीतला गाळा भाड्याने घ्यायचा मोह होतो, कारण तिथे मोठ्या आवाजाची कुणी तक्रार करत नाही. पण शेजारच्या गाळ्यातला प्रेस किंवा कॉम्प्रेसर जमिनीतून थरथर पाठवतो, आणि ती थरथर माइकच्या स्टँडमधून वर चढते. तुर्भे-वाशीच्या एपीएमसी परिसरात रात्री ट्रक चालू असतात. नवी मुंबई विमानतळावरून २०२५च्या डिसेंबरपासून विमानं उडू लागली आहेत. उलवे, पनवेलच्या बाजूला जागा बघणाऱ्यांनी विमानांसाठी वेगळे कान लावावेत. रेल्वेमार्गाजवळच्या घरांत रात्री लोकल थांबल्या तरी मालगाड्या चालू असतात, हेही धरून चाला.

वरचा मजला असेल तर आणखी एक गोष्ट बघा. खिडकीवर पत्र्याचा छज्जा आहे का? जुलैत त्यावर पाऊस वाजायला लागला की दोन महिने तुमचं कामाचं वेळापत्रक ढग ठरवतील.

पायरी ३ : आठवडाभर नुसतं ऐका

खोली रिकामी करा किंवा आहे तशी ठेवा. मोबाईल मधोमध स्टुलावर ठेवा. सकाळी ७, दुपारी १, संध्याकाळी ७ आणि रात्री १ अशा चार वेळांना दहा-दहा मिनिटं रेकॉर्ड करा. हेडफोन लावून ऐका आणि ऐकू येईल ते सगळं लिहा : लिफ्टची मोटर, टाकीत पाणी चढवणारा पंप, कुकरच्या शिट्ट्या, वरच्या घरात सरकणारी खुर्ची, उन्हाळ्यातली कोकिळा. मोबाईलवरच्या डेसिबलच्या ॲपचा आकडा नेमका नसतो, पण त्याच फोनने घेतलेल्या दोन वेळांची तुलना करायला तो पुरेसा आहे.

हा आठवडा संपला की तुमच्याकडे खोलीची दिनचर्या असते. माझ्या खोलीत पंप सकाळी साडेसहा ते साडेसात चालतो आणि दुपारी २ ते ५ सगळं गप्प असतं. नाजूक कामं, तंबोऱ्यावरचं आलापाचं गाणं, ऑडिओबुक, मी त्या तीन तासांत घेतो. ही वेळ सांभाळायला एक रुपया लागत नाही.

मग उलटी परीक्षा. खोलीत ढोलकीचं रेकॉर्डिंग मोठ्याने लावा, दार-खिडक्या बंद करा, आणि शेजारच्या काकूंकडे, वरच्या आणि खालच्या घरी पाच-पाच मिनिटं बसून या. त्यांना आधी सांगून जा. कुठून आवाज येतो ते तिथे उभं राहिलं की लगेच कळतं. बहुतेक वेळा तो भिंतीतून कमी आणि दाराखालच्या फटीतून, खिडकीतून जास्त येतो. शिवाय घरात येऊन काळजीने विचारणाऱ्या माणसाशी शेजारी पुढे वर्षानुवर्षं सांभाळून घेतात.

पायरी ४ : टेप आणि भागाकार

आता सगळ्यात कामाचं गणित. खोलीच्या समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज येरझाऱ्या घालतो, आणि ज्या सुराच्या लहरीची अर्धी लांबी त्या अंतरात बरोबर बसते तो सूर फुगतो. सोपा हिशेब असा : ५६६ला फुटांमधल्या अंतराने भागा, उत्तर हर्ट्झमध्ये मिळेल. आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, त्यावरून हा ५६६ आला.

माझी खोली ११ बाय १०, उंची साडेनऊ. भागाकार केला की ५१, ५७ आणि ६० मिळतात. दुप्पट केले तर १०३, ११३, ११९. म्हणजे तिन्ही दिशांचे सूर एकाच जागी गर्दी करून बसलेत. त्या पट्ट्यात डग्गा बोलतो, पुरुषांचा खर्ज तिथे असतो, तानपुऱ्याची पंचमाची तार तिथे असते. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची जितकी एकमेकांच्या जवळ, तितकी ही गर्दी जास्त. दहा बाय दहा बाय दहाची खोली सगळ्यात वाईट. तेच १६ बाय ११चा हॉल घेतला, तर आकडे येतात ३५, ५१ आणि ६०, बरेच पसरलेले. म्हणून घरातल्या घरात निवडायचं असेल तर मी बेडरूमपेक्षा हॉल घेईन आणि झोपायची सोय आत करेन. घरच्यांना हे पटवणं वेगळं काम आहे, पण ते करण्यासारखं आहे.

आकडे मिळाले की वहीत त्यांच्या शेजारी तुमच्या नेहमीच्या गायकांचे सूर लिहा. मंद्र पंचम काढायचा तर षड्जाच्या हर्ट्झला पाऊण पट करा, खर्ज काढायचा तर निम्मे. पांढरी एकचा षड्ज १३१ असेल तर पंचम ९८, खर्ज ६५. यातलं काही खोलीच्या आकड्यांशी जुळतंय का बघा. जुळत असेल तर त्या दिशेने माणूस आणि माइक दोघांनाही मधोमध आणि भिंतीला चिकटून बसवू नका. दुपटीचा सूर भिंतीपासून पाव अंतरावर सगळ्यात मंद असतो. माझ्या ११ फुटांत ते अंतर पावणेतीन फूट.

स्पीकरची जागा इथेच ठरते. ते आखूड भिंतीपाशी, लांबीच्या दिशेने तोंड करून ठेवा. डावी-उजवी बाजू सारखी हवी. एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला खिडकी असेल तर आवाज एका कुशीवर कलतो. तुमची खुर्ची समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर ठेवून सुरुवात करा, म्हणजे ११ फुटांत साधारण सव्वाचार फूट. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. हे सगळं जमिनीवर खडूने आखून बघा. आखल्यावर पुष्कळांना कळतं की टेबल मावतच नाही. ते टेबल घेण्याआधी कळलेलं बरं.

पायरी ५ : आवाज अडवणं वेगळं, आवाज शोषणं वेगळं

या दोन कामांची गल्लत झाल्यामुळे जितका पैसा वाया गेलेला मी पाहिलाय, तितका दुसऱ्या कशात नाही. फोमच्या शीट भिंतीला चिकटवून शेजाऱ्यांपर्यंत जाणारा आवाज थांबत नाही. अंड्यांच्या ट्रेनेही नाही. फोम खोलीतल्या वरच्या सुरांची खणखण थोडी कमी करतो, तेवढंच. आणि स्वस्त फोम पटकन पेट घेतो, हे बंद खोलीत विसरून चालणार नाही.

आवाज अडवायला दोनच गोष्टी लागतात : वजन आणि हवाबंदपणा. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर फार तर ६ डेसिबल फरक पडतो, आणि आवाज निम्मा वाटायला १० डेसिबल लागतात. म्हणून मी आधी फटी बंद करतो. दाराची पोकळ फळी काढून भरीव दार, चौकटीला चारही बाजूंनी रबर, खाली दार लागताच टेकणारी पट्टी. बिल्डरने दिलेली अॅल्युमिनियमची सरकती खिडकी म्हणजे कायमची फट. तिच्या आत, निदान चार इंच अंतर सोडून, जाड काचेची दुसरी बंद होणारी खिडकी बसवा. दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या असू द्या. एवढ्याने फ्लॅटमध्ये होण्यासारखं बरंचसं काम होतं.

खोलीत खोली बांधणं, जमिनीखाली वाळू भरणं, हे व्हिडिओत बघून करू नका. घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोच्या भाराचा हिशेब धरून केलेला असतो. पाच सेंटिमीटर वाळू एकटीच ८० किलो खाते, मग त्यावर भिंती, माणसं, सामान. असं काही करायचंच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत आधी घ्या.

आता शोषण. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सबीन या प्राध्यापकांनी १८९५च्या सुमारास एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात खुर्च्यांवरच्या उशा आणून मांडल्या, आणि किती उशांनी किती घुमारा कमी होतो ते मोजलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात : खोलीच्या घनमीटरांना ०.१६१ने गुणा आणि जितक्या सेकंदांत आवाज विरायला हवा त्याने भागा. माझी खोली २९.६ घनमीटर. गाण्यासाठी मला ०.३ सेकंद हवे होते. उत्तर येतं जवळपास १६ चौरस मीटर शोषण. छोट्या खोलीत खालच्या सुरांना हे सूत्र नीट लागू पडत नाही, पण सामान किती आणायचं याचा अंदाज देतं.

दोन बाय चार फुटांचा एक पॅनेल पाऊण चौरस मीटरचा. बारा पॅनेल म्हणजे नऊ चौरस मीटर. उरलेलं काम गादी, जाड पडदा, सतरंजी आणि माणसं करतात. पॅनेल घरीच होतात : लाकडी रिपांची चौकट, आत चार इंच जाडीचं, घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), वरून केसमेंटसारखं कापड. कापडाला तोंड लावून फुंकर आरपार गेली पाहिजे. एका पॅनेलमधलं रॉकवूल साडेतीन-चार किलोचं असतं, त्यामुळे दोन स्क्रूवर टांगता येतं. कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. भिंत आणि पॅनेल यांत दोन इंच हवा सोडा. खालच्या सुरांवर चांगला परिणाम होतो आणि भिंतीची ओल रॉकवूलला लागत नाही.

कुठे लावायचे? आधी कोपरे, जमिनीपासून छतापर्यंत, जितके जाड जमतील तितके. मग खुर्चीत बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे एक पॅनेल. तसाच एक डोक्यावर. छताकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि पीओपीचं फॉल्स सीलिंग केलं तर उंची कमी होऊन वरून टणकपणा वाढतो. भाड्याच्या घरात पायांवर उभे राहणारे पॅनेल करा, घर सोडताना बरोबर येतात.

हे सगळं करण्याआधी एक प्रयोग करा. घरातल्या तीन-चार जाड गोधड्या दोरीवर टांगा, गायकाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना, आणि रेकॉर्ड करा. त्याने किती फरक पडला ते ऐकलं की पॅनेल कुठे हवेत ते तुमचा कानच सांगेल. नुसत्या आवाजाच्या कामासाठी कित्येकांना गोधड्यांवरच वर्षभर निभावता येतं.

पायरी ६ : हवा

हवाबंद खोलीत चार माणसं तासभर बसली, तर माझ्या खोलीएवढ्या जागेत कार्बन डायऑक्साइड दोन हजार पीपीएमहून जास्त वाढतो. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. डोकं जड होतं, जांभया येतात, गायकाचा दम कमी पडतो. एसी हवा गार करतो, बदलत नाही. त्यामुळे दर तीन-चार टेकनंतर दार उघडण्याची सवय ठेवा किंवा आतून रॉकवूल लावलेल्या वळणदार डक्टमधून हवा आत-बाहेर करण्याची सोय आखणीतच धरा. नंतर भिंत फोडणं महाग पडतं.

एवढ्या खोलीला एक टनाचा इन्व्हर्टर एसी पुरतो. त्याचं आतलं युनिट माइकच्या तोंडासमोर येणार नाही अशा भिंतीवर घ्या. टेकच्या वेळी तो बंदच करायचा असतो, म्हणून खोली आधी गार करून ठेवायची.

पायरी ७ : वीज

पाच मिनिटं वायरमनला मीटर घेऊन बोलवा. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात, घरातली उपकरणं चालू असताना, दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असतील तर आधी ते दुरुस्त करून घ्या. मग मेन बोर्डापासून फक्त ऑडिओसाठी वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी ओढा. एसी, फ्रिज, पंख्याचा रेग्युलेटर, डिमरवाले दिवे यांना त्या लाइनवर जागा नाही.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून वायरिंगचा दोष ५० आणि १०० हर्ट्झच्या गुणगुणीत ऐकू येतो. ती थांबवायला काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढतात. असं कधीही करू नका. गायकाचे ओठ माइकच्या धातूच्या जाळीला लागतात. बिघाड झाला तर झटका त्यांना बसतो. गुणगुण घालवायची ती सगळी यंत्रं एकाच लाइनवर, एकाच अर्थिंगवर घेऊन आणि बॅलन्स्ड केबल (वाटेत शिरलेली गुणगुण कापणारी) वापरून. माइकची केबल विजेच्या वायरपासून निदान फूटभर लांब न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात.

कॉम्प्युटर, इंटरफेस आणि स्पीकर यांच्यासाठी एक केव्हीएचा यूपीएस घ्या. कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज येत असेल तर तो बाहेरच्या खोलीत ठेवता येतो, पण यूएसबीची केबल पाच मीटरच्या आतच ठेवा आणि ती जाईल असं भोक पॅनेल लावण्याआधी ठरवा.

पायरी ८ : पावसाळा आणि परवानग्या

खोली मार्चमध्ये बघून पक्की करू नका. शक्य असेल तर जुलैत बघा, भिंतींना हात लावा, कपाटामागे बघा. ओल असलेल्या भिंतीवर काहीही लावलं तरी वर्षभरात बुरशी येते. कंडेन्सर माइकला (बारीकसारीक आवाजही टिपणारा नाजूक प्रकार) दमट हवा सोसत नाही. काम झालं की तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात गेला पाहिजे. तबल्याची पुडी आणि वाद्या पावसाळ्यात सैल पडतात, सूर उतरतो. खोलीतली आर्द्रता आटोक्यात ठेवणारं यंत्र स्पीकरपेक्षा आधी घ्यावं असं माझं मत आहे.

परवानग्यांचं थोडक्यात. सोसायटीकडून लेखी ना-हरकत घ्या, तोंडी नको, सेक्रेटरी बदलतात. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तुमचा आवाज त्या हिशेबात बसला पाहिजे. पैसे घेऊन काम करणार असाल तर वीजजोडणी कोणत्या वर्गात येते ते महावितरणच्या कार्यालयात आधीच विचारून घ्या. विसापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना देणं पुरतं. भाड्याची जागा असेल तर करारात व्यावसायिक वापराचा उल्लेख हवा.

पायरी ९ : आता यादी

एकूण शंभर रुपये असतील तर मी असे वाटतो : पस्तीस खोली, दार आणि विजेला, पन्नास यंत्रांना, पंधरा राखीव. ते पंधरा केबल, स्टँड, हेडफोनचे फाटे आणि विसरलेल्या सतरा वस्तूंना लागतात, नेहमीच.

यंत्रांचा क्रम माझ्या मते असा.

१. इंटरफेस, पायरी १ मध्ये निघालेल्या इनपुटच्या संख्येचा. प्रत्येक माइक-इनपुटला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) आहे का ते पाहा.

२. बंद कपांचे हेडफोन, जितकी माणसं तितके. उघड्या कपांचे घेतले तर तालाचा ठेका गायकाच्या माइकमध्ये शिरतो.

३. माइक. खोली अजून नीट झालेली नसेल तर डायनॅमिक माइक जास्त उपयोगी, कारण जवळून गायलं की तो खोली कमी ऐकतो. १९६५-६६ पासून चालत आलेले शूरचे एसएम५७ आणि एसएम५८ तबल्यापासून निवेदनापर्यंत कुठेही उभे राहतात. खोली शांत आणि कोरडी झाल्यावर मोठ्या डायफ्रामचा एक कंडेन्सर घ्या. पेटीला माइक वरून, सुरांच्या बाजूला. भात्याच्या तोंडाशी लावला तर वाऱ्याचे झोत आत येतात.

४. कॉम्प्युटर. चोवीस बिट, ४८ किलोहर्ट्झमध्ये एक ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी घेतो. आठ ट्रॅकची तासाभराची मैफल चार जीबीच्या वर जाते. एसएसडी आणि निदान १६ जीबी रॅम घ्या, आणि दोन वेगळ्या डिस्क बॅकअपला, त्यातली एक दुसऱ्या घरी.

५. स्पीकर सगळ्यात शेवटी, आणि लहान. एकशेदहा चौरस फुटांच्या खोलीत आठ इंची स्पीकर लावले की ५१ आणि ५७ हर्ट्झ खोलीच वाजवायला लागते आणि तुम्ही डग्गा मिक्समध्ये खाली खेचता. बाहेर ऐकलं तर तबला पोकळ. पाच इंची पुरेत.

केबल आणि कनेक्टर लॅमिंग्टन रोडवरून घ्यायला एक दिवस काढा. लांबी खडूच्या आखणीवरून मोजून न्या आणि प्रत्येक केबलला अडीच-तीन फूट जादा धरा.

सामान घरी आलं की परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते प्रत्येक खोक्यावर लिहा. पहिल्याच दिवशी तुमच्या ओळखीच्या गायकाला बोलवा, तानपुरा लावा आणि षड्ज, मंद्र पंचम, खर्ज असे तीन सूर दहा-दहा सेकंद धरायला सांगा. पाच वेगवेगळ्या जागी बसवून पाच वेळा रेकॉर्ड करा, जागा खडूने आखून त्यांना नंबर द्या. मग माइक चालूच ठेवून त्याच जागी एक मिनिट शांतता रेकॉर्ड करा, एसी चालू असताना आणि बंद असताना. ज्या नंबरवर पंचम षड्जाइतकाच सरळ ऐकू येईल, तिथे जमिनीवर रंगीत पट्टी चिकटवा. खोकी आणि बिलं एका कोरड्या कपाटात, सिलिका जेलसह, निदान वॉरंटी संपेपर्यंत ठेवा.